हार्लेमला जाऊ नका, असं बडोद्याच्या माणसाला सांगू नका

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिका फिरायला जाणाऱ्यांसाठी टिप्स आल्या होत्या. लेख तसा कामाचा होता, सिम कार्ड, औषधांची चिठ्ठी, इन्शुरन्स सगळं नीट सांगितलेलं, पण न्यू यॉर्कच्या भागात एक ओळ होती की सेंट्रल पार्कच्या वर हार्लेम लागतं, ती काळ्या लोकांची वस्ती आहे, तिकडे फिरकू नये, बरोबर फॅमिली असेल तर अजिबातच नाही. झालं. टाइम्स स्क्वेअरला तीन परिच्छेद आणि हार्लेमला ही एवढी ओळ. वाचल्यापासून डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहायला बसले, पत्र लांब होणार आहे, सांभाळून घ्या.

मी हार्लेम बघून आलेय. टुरिस्ट बसच्या खिडकीतून नाही, पायी, माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीबरोबर. रावपुऱ्यात आमची घरं समोरासमोर होती, एकाच ओटल्यावर बसून आम्ही एसएससीचा अभ्यास केला, पुढे ती नर्सिंग करून अमेरिकेला गेली आणि मॅनहॅटनच्या त्या वरच्या भागातल्याच एका हॉस्पिटलात नोकरी करून रिटायर झाली, मी इथे बँकेत लोन डिपार्टमेंटला होते, मीही आता रिटायर. मागे मुलीकडे न्यू जर्सीला गेले तेव्हा तिच्या ओळखीतल्या मराठी बायकांनीही हेच ऐकवलं, "हार्लेम? नको हं मावशी, तिकडे सगळे काळे राहतात." मैत्रिणीला फोनवर हे सांगितलं तर ती पहिल्यांदा काही बोललीच नाही, मग म्हणाली, "अगं, माझा अर्धा जन्म तिथं गेला. तू ये, मी दाखवते तुला."

सुरुवात तिनं मुद्दाम कोलंबिया युनिव्हर्सिटीपासून केली. हल्ली बाहेरच्यांना कॅम्पसमध्ये सोडत नाहीत, म्हणून ११६व्या रस्त्याच्या गेटपाशीच उभ्या राहिलो, आतलं लॉन आणि त्या मोठ्या पायऱ्या लांबून दिसत होत्या. इथं १९१३ साली बाबासाहेब शिकायला आले, आपल्या सयाजीराव महाराजांच्या स्कॉलरशिपवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची असा करार. हे आपल्याला शाळेपासून पाठ असतं. पण एक गोष्ट तिथं उभं राहिल्यावरच कळते, ती म्हणजे कोलंबिया उंचावर आहे आणि उतार संपला की खाली लगेच हार्लेम. मध्ये फक्त मॉर्निंगसाइड पार्क, कड्याला धरून केलेला, दगडी पायऱ्या उतरत जायचं. गुडघे दुखतात माझे, तरी कठड्याला धरून उतरले. १९६८ मध्ये ह्याच पार्कात युनिव्हर्सिटीला जिम्नॅशियम बांधायचं होतं, पब्लिकची जागा, पण विद्यार्थ्यांना वरून मोठं दार आणि हार्लेमच्या लोकांना खालून वेगळं छोटं दार असा प्लॅन, त्यावरून एवढं आंदोलन पेटलं की शेवटी प्लॅन गुंडाळावा लागला. वेगळं दार म्हणजे काय हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

बाबासाहेब वर लायब्ररीत वाचत बसायचे त्याच वर्षांत खाली हार्लेम काळ्या लोकांचं होत होतं. त्याआधी ती गोऱ्यांची वस्ती, मूळ गाव तर डच लोकांनी १६५८ मध्ये वसवलेलं, हॉलंडमधल्या हार्लेमचंच नाव दिलेलं. विसावं शतक लागताना तिथं सबवे, म्हणजे भुयारी रेल्वे, येणार म्हणून बिल्डरांनी बिल्डिंगींवर बिल्डिंगी उभ्या केल्या, एवढ्या की भाडेकरूच मिळेनात. तेव्हा फिलिप पेटन नावाच्या काळ्या एजंटनं मालकांना सांगितलं की मी भाडेकरू आणतो, आमचे लोक आणतो. १९०४ साली त्यानं स्वतःची कंपनी काढली. एका गोऱ्या कंपनीनं १३५व्या रस्त्यावरच्या काही बिल्डिंगी विकत घेऊन तिथल्या काळ्या भाडेकरूंना बाहेर काढायला सुरुवात केली, तर ह्यानं शेजारच्या बिल्डिंगी घेतल्या आणि तिथल्या गोऱ्यांना नोटीस दिली! कंपनी त्याची पुढे चार वर्षांतच बुडाली, पण दार उघडलं ते उघडलंच. दक्षिणेकडून लोक येत राहिले, शेतमजूर, घरकाम करणाऱ्या बाया, जिथं झाडाला लटकवून मारायचे तिथून निघालेले. १९१० ते १९७० ह्या साठ वर्षांत साधारण साठ लाख काळी माणसं दक्षिण सोडून उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या शहरांत गेली. त्यातली कितीतरी हार्लेमला उतरली, कारण दुसरीकडे त्यांना कोणी खोलीच देत नव्हतं.

हा मुद्दा मला इथंच थांबून सांगायचाय. हार्लेम "काळ्यांची वस्ती" झालं ते काळ्या लोकांना आपसातच राहायचं होतं म्हणून नाही. बाकीच्या शहरानं त्यांना दारातून परत पाठवलं. १३८व्या आणि १३९व्या रस्त्यावर अतिशय देखण्या घरांच्या रांगा आहेत, १८९० च्या सुमाराला बांधलेल्या, मागच्या गल्लीच्या खांबांवर अजून लिहिलेलं आहे की घोडे चालवत न्या, पळवू नका. ती घरं गोऱ्यांसाठी बांधली, विकली गेली नाहीत, शेवटी विमा कंपनीच्या ताब्यात गेली, आणि त्या कंपनीनं ती वर्षानुवर्षं रिकामी ठेवली पण काळ्या माणसाला विकली नाहीत. १९१९ पर्यंत! मी बँकेत आयुष्य काढलंय, रिकामी प्रॉपर्टी पडून राहिली की रोज किती नुकसान होतं हे मला कोणी सांगायला नको, एवढं नुकसान माणसं फक्त समोरच्याच्या रंगासाठी सोसतात हे तिथं त्या खांबापाशी उभं राहून पटलं. मग तिथं डॉक्टर, वकील, संगीतकार राहायला आले आणि लोक त्या गल्लीला स्ट्रायव्हर्स रो, म्हणजे धडपड करून वर आलेल्यांची रांग, म्हणायला लागले. कुंड्या, पितळी कड्या, घासून लख्ख केलेल्या. एक आजोबा पायरीवर बसून शेंगा सोलत होते, मैत्रीण त्यांच्याशी हवापाण्याचं बोलली आणि आम्ही पुढे गेलो.

आणखी एक बँकेचंच सांगते. १९३३ मध्ये तिथल्या सरकारनं घरकर्जासाठी एक कॉर्पोरेशन काढलं, त्यांनी शहराशहराचे नकाशे केले आणि वस्त्यांना ए, बी, सी, डी ग्रेड दिल्या. डी म्हणजे लाल रंग, म्हणजे इथं पैसे लावणं धोक्याचं. काळे लोक राहतात एवढ्यावरून वस्ती लाल व्हायची, हार्लेमही लाल. अशा वस्तीत बँका कर्ज द्यायला तयार नसत, कर्ज नाही तर रिपेअरिंग नाही, मग बॉयलर बंद, छत गळतंय, मालक बिल्डिंग तशीच सोडून जातो, आणि पन्नास वर्षांनी कोणीतरी पुरवणीत लिहितो की तिकडे फिरकू नका. आम्हाला लोन सँक्शन करताना शिकवलं होतं की अर्जदाराची परतफेडीची ऐपत बघा, कागद बघा. पूर्ण वस्तीवर लाल रेघ ओढायची हे कुठलं बँकिंग. आणि भाडी मात्र हार्लेममध्ये जास्त असायची, कारण भाडेकरूला दुसरीकडे जाताच येत नव्हतं ना. १९२० च्या दशकात तिथं महिनाअखेरीला लोक घरीच पार्टी ठेवायचे, कार्डं छापून वाटायचे, पियानोवाला बोलवायचे, येणाऱ्याकडून थोडं तिकीट घ्यायचे आणि जमलेल्या पैशात घरभाडं भरायचे. कवी लँगस्टन ह्यूज तर ती कार्डं जमवून ठेवायचा.

१२५वा रस्ता हा मुख्य बाजार, आपल्या मंगळबाजारात असते तशी गर्दी. अपोलो थिएटर आम्ही बाहेरूनच पाहिलं. ते आधी फक्त गोऱ्या प्रेक्षकांसाठी होतं, १९३४ पासून काळ्या लोकांना खुलं झालं आणि त्याच वर्षी सतरा वर्षांची एला फिट्झजेराल्ड, पुढे नावाजलेली जॅझ गायिका, तिथं हौशी कलाकारांच्या स्पर्धेत गायली आणि जिंकली. त्याच रस्त्यावर ब्लमस्टीन नावाच्या मोठ्या दुकानाची जुनी इमारत आहे, आणि ह्या इमारतीसमोर मैत्रिणीनं मला बराच वेळ उभं केलं. १९३४ मध्ये ह्या दुकानाची गिऱ्हाइकं बहुतेक काळी, पण काउंटरवर सेल्सगर्ल म्हणून एकाही काळ्या मुलीला घेत नव्हते. लोकांनी दुकानासमोर निदर्शनं केली, जिथं नोकरी मिळत नाही तिथं खरेदी नाही, दुकानाला नमावं लागलं. नंतर १९५८ चा सप्टेंबर, मार्टिन ल्यूथर किंग ह्याच दुकानात आपल्या पुस्तकावर सह्या देत बसले होते आणि एका मनोरुग्ण बाईनं पत्र फोडायची सुरी त्यांच्या छातीत खुपसली. सुरीचं टोक महाधमनीला टेकलेलं. तसंच खुर्चीत बसवून त्यांना हार्लेम हॉस्पिटलला नेलं, तिथल्या सर्जन लोकांनी छाती उघडून सुरी काढली, टीममध्ये काळे-गोरे दोन्ही डॉक्टर होते. मैत्रीण नर्स असल्यामुळे तिनं हे मला शरीरशास्त्रासकट सांगितलं, इथं बरगडी, इथं धमनी, नुसती शिंक आली असती तरी माणूस गेला असता. किंगनी स्वतःच पुढे ती शिंकेची गोष्ट भाषणात सांगितली होती.

आणि त्यातून बरे होऊन ते कुठे आले? भारतात. फेब्रुवारी १९५९. आपल्या गुजरातमध्ये साबरमती आश्रमातही गेले. त्याच दौऱ्यात केरळच्या एका शाळेत हेडमास्तरांनी मुलांना त्यांची ओळख करून दिली, अमेरिकेतले तुमच्यासारखेच एक अस्पृश्य म्हणून. किंग म्हणतात की क्षणभर धक्का बसला, राग आला, आणि मग वाटलं की खरंच आहे, मी अस्पृश्यच आहे, अमेरिकेतला प्रत्येक काळा माणूस अस्पृश्य आहे. हे त्यांनी १९६५ च्या एका प्रवचनात सांगितलंय.

ही जोड काही किंगनी पहिल्यांदा लावली असंही नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' छापलं तेव्हा ते अर्पण कोणाला केलं, तर अमेरिकेतल्या ज्या सज्जन लोकांनी काळ्या गुलामांना मुक्त करायला झीज सोसली त्यांना. पुण्यात बसून, ना फोन ना टीव्ही! १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ड्यू बॉइस ह्या मोठ्या काळ्या विचारवंताला पत्र लिहिलं की अमेरिकेतले निग्रो संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करतायत असं वाचलं, त्याची प्रत मिळेल का, आमच्या लोकांची आणि तुमची स्थिती इतकी सारखी आहे की तुमचा अभ्यास आम्हाला करावाच लागतो. ड्यू बॉइसनी आपुलकीनं उत्तर पाठवलं. ते तेव्हा हार्लेमच्याच शुगर हिल भागात ४०९ एजकोम्ब अव्हेन्यूला राहत होते, तेरा मजली बिल्डिंग, त्याच बिल्डिंगमध्ये थरगुड मार्शल राहायचे जे १९६७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे पहिले काळे न्यायाधीश झाले. ती चढण मात्र मला झेपली नाही, खालून बसनं गेलो. आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली ती अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लॅक पँथर संघटनेचं नाव घेऊन, ते तर तुमच्या सगळ्या वाचकांना ठाऊकच आहे.

१२५व्या आणि सातव्या अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर थेरेसा हॉटेलची पांढरी इमारत आहे, आता तिथं ऑफिसं आहेत. १९४० पर्यंत हार्लेमच्या मधोमध असूनही त्या हॉटेलात काळ्या माणसाला खोली मिळत नव्हती. १९६० मध्ये क्युबाचे फिडेल कॅस्ट्रो युनोसाठी न्यू यॉर्कला आले, खालच्या भागातल्या हॉटेलवाल्याशी बिनसलं, तर ते सरळ इथं येऊन राहिले. आणि नेहरू त्यांना भेटायला ह्या हॉटेलात गेले. देशाचा पंतप्रधान हार्लेमला गेला, आणि आपण फॅमिलीला नेऊ नका म्हणतोय.

आता शॉम्बर्ग सेंटर. जाणाऱ्यांनी दुसरं काही नाही बघितलं तरी चालेल, हे बघाच. १३५व्या रस्त्याचं सबवे स्टेशन चढून वर आलं की समोरच. पोर्तो रिकोतून आलेला आर्तुरो शॉम्बर्ग म्हणून एक माणूस, लहानपणी त्याला शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं म्हणे की काळ्या लोकांना इतिहासच नाही. त्यानं आयुष्यभर, साध्या नोकरीच्या पगारात, जगभरातून काळ्या लोकांनी लिहिलेली आणि त्यांच्याबद्दलची पुस्तकं, पत्रं, चित्रं गोळा केली. १९२६ मध्ये न्यू यॉर्कच्या सार्वजनिक लायब्ररीनं ती दहा हजार डॉलरला घेतली आणि ह्या वस्तीच्या शाखेत ठेवली. आपल्या महाराजांनीही १९१० मध्ये अमेरिकेतून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणून बडोद्यात गावोगाव वाचनालयं काढली, आपल्या सेंट्रल लायब्ररीची काचेची फरशी बघायला लोक येतात, त्यामुळे बडोद्याच्या माणसाला ही इमारत परकी वाटत नाही. आत लॉबीच्या फरशीवर एक मोठी गोल नक्षी आहे, निळ्या-तांबड्या रंगाची, नद्यांच्या रेघा आणि ह्यूजच्या नद्यांवरच्या कवितेच्या ओळी, आणि त्या नक्षीखाली ह्यूजच्या अस्थी ठेवलेल्या आहेत. मैत्रिणीनं हे सांगितलं आणि माझा पाय आपोआप मागे आला, मी कडेकडेनं भिंतीला लागून जायला लागले. तिथला वॉचमन हसला आणि हातानं खूण केली की या, मधून या. १९९१ मध्ये त्या जागेच्या उद्घाटनाला माया अँजेलो आणि अमिरी बराका हे दोघं मोठे कवी त्या नक्षीवर नाचले होते, भिंतीशी उभं राहून मैत्रिणीनं मोबाइलवर फोटो दाखवला. मग गेले मधून. चपला हातात घेऊन गेले, ते मात्र मला बदलता आलं नाही.

ह्याच शॉम्बर्गमध्ये २०१३ साली भारतातल्या आफ्रिकी लोकांवर प्रदर्शन भरलं होतं, मैत्रिणीनं तेव्हा पाहिलेलं. मलिक अंबर होता त्यात. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि निजामशाही हातात घेऊन मोगलांना जेरीस आणणारा, खडकी म्हणजे पुढचं औरंगाबाद वसवणारा. अहमदाबादची सिदी सैयदची जाळी, जिचा फोटो आपण पाहुण्यांना अभिमानानं दाखवतो, ती कोणाची? आफ्रिकी वंशाच्या सिदीचीच ना. आपल्या बडोद्याहून गाडीनं थोड्या तासांत पोचता येईल अशा रतनपूरला बावा गोरच्या दर्ग्यापाशी आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतायत, गुजराती बोलतात, आणि आपल्यातले किती जण कधी त्यांच्या घरी जाऊन चहा प्यायलेत? हार्लेमच्या लोकांनी मलिक अंबरवर प्रदर्शन भरवलं, आपण मात्र "काळे" म्हटलं की पर्स छातीशी धरतो. तुमच्याच पेपरात रविवारी वधू पाहिजेच्या पानावर "गोरी" किती वेळा येतं ते एकदा बघा, संपादक महोदय, मी तक्रार म्हणून नाही, कळकळीनं सांगतेय.

रविवारी मैत्रिणीच्या हॉस्पिटलातल्या एका सहकारी बाईंनी आम्हाला त्यांच्या चर्चमध्ये बोलावलं. गाइडबुकात असतं तसलं प्रसिद्ध चर्च नाही, जुन्या घराच्या खालच्या मजल्यावरचं छोटंसं, पन्नास-साठ खुर्च्या असतील. बाया एकेक टोप्या घालून आलेल्या, जांभळी, पिवळी, पिसं लावलेली, कडक इस्त्री. दारात पांढरे हातमोजे घातलेल्या एक आजी, त्यांनी हात धरून पुढे नेलं आणि खुर्चीवर बसवून हातात पंखा दिला, पुठ्ठ्याचा, लाकडी काडी लावलेला, एका बाजूला किंगचा फोटो आणि उलट बाजूला अंत्यविधी करणाऱ्या एका दुकानाची जाहिरात, पत्त्यासकट. एसी बंद पडलेला होता, सगळं चर्च ते पंखे हलवत होतं. गाणं सुरू झालं तेव्हा ऑर्गनवाला आधी हळू, मग टाळ्या, मग एक बाई उभी राहिली, मग दुसरी, मी ईश्वराचं नाव कुठल्याही भाषेत ऐकलं की डोळ्यांत पाणी येणाऱ्यातली आहे त्यामुळे माझं काही विचारू नका, पण माझी मैत्रीण, जी कधी रडत नाही, तीही पंख्याआड तोंड करून बसली होती.

नंतर खाली जेवण. चवळी, भात, मक्याची पोळीसारखी जाड भाकर, पालेभाजी, तळलेलं चिकन, रताळ्याचा 'पाय', म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ. चवळी आणि भेंडी दोन्ही आफ्रिकेतूनच तिकडे गेली, गुलामांच्या जहाजांबरोबर. माझ्या शेजारी बसलेल्या आजींनी सांगितलं की त्यांची आई साउथ कॅरोलिनाहून आली ती बुटाच्या खोक्यात तळलेलं चिकन आणि उकडलेली अंडी घेऊन, कारण आगगाडीच्या डायनिंगच्या डब्यात काळ्यांना बसू देत नव्हते. ते खोकं आईनं खूप वर्षं जपलं होतं म्हणे, त्यात घराची कागदपत्रं ठेवायची. मी त्यांना बडोद्याची गोष्ट सांगितली, मैत्रीण इंग्रजी करून देत होती. ती गोष्ट इथल्या वाचकांसाठीही पुन्हा सांगते, कारण माझ्या पत्राचं खरं कारण तीच आहे.

१९१७ मध्ये बाबासाहेब करारानुसार नोकरी करायला बडोद्यात आले. परदेशात राहून आपण अस्पृश्य आहोत हे ते विसरूनच गेले होते, तसं त्यांनी लिहून ठेवलंय. स्टेशनवर उतरल्यावर पहिला प्रश्न हाच की राहायचं कुठे. हिंदू हॉटेलात घेणार नाहीत, म्हणून पारशांच्या उतरायच्या जागेत पारशी नाव सांगून राहिले. काही दिवसांनी हातात काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी जिना चढून वर आले, तू कोण आहेस, जागा बाटवलीस, संध्याकाळपर्यंत निघ. दोन मित्रांकडे जागा मागितली, एक हिंदू, एक ख्रिश्चन, दोघांनीही टाळलं. शेवटी मुंबईची गाडी रात्री नऊला, तोवरचे तास त्यांनी कमाटी बागेत बसून काढले. कोलंबियात शिकलेला माणूस, महाराजांचा स्कॉलर, आणि ह्या शहरात त्याला एक खोली मिळाली नाही.

आजी बराच वेळ माझा हात धरून होत्या. मग एवढंच विचारलं, ती बाग अजून आहे का. म्हटलं आहे. जिथं ते बसले त्या जागेला आता संकल्प भूमी म्हणतात, आपल्या समाजासाठी लढायचा संकल्प त्यांनी तिथं केला म्हणून, आणि त्या दिवसाच्या आठवणीसाठी दर २३ सप्टेंबरला महाराष्ट्रातून, गुजरातमधून लोक येतात, निळे झेंडे, डब्यातली भाकरी, लहान पोरं खांद्यावर. आणि आमच्या दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुऱ्यातले मराठी लोक? आम्ही रविवारी त्याच बागेत जातो, पोरांना प्राणी दाखवतो, म्युझियम दाखवतो, सेव-उसळ खाऊन घरी येतो. पाहुणे आले की लक्ष्मी विलास पॅलेस, कीर्ती मंदिर, तांबेकर वाडा, झालं बडोदं. महाराजांनी स्कॉलरशिप दिली हे अभिमानानं सांगतो आणि गोष्ट तिथंच थांबवतो, पुढचा अर्धा भाग सांगत नाही. आणि भाड्यानं घर देताना आजही पहिला प्रश्न आडनाव काय हाच असतो, दुसरा खाता काय, हे मी माझ्याच पोळमध्ये, म्हणजे आमच्या गल्लीत, माझ्या कानांनी ऐकलंय.

हार्लेममध्ये तसं नाही. तिथं रस्त्यांनाच काळ्या लोकांच्या पुढाऱ्यांची नावं दिलीत, माल्कम एक्स, फ्रेडरिक डग्लस, किंग. हार्लेम हॉस्पिटलच्या दर्शनी काचेवर १९३० च्या दशकातली भित्तिचित्रं मोठी करून लावलीत, आफ्रिकेपासून शहरापर्यंतचा प्रवास, ती काढायच्या वेळी हॉस्पिटलच्या साहेबांनी नाक मुरडलं होतं की ह्यात काळे लोक फारच आहेत, आणि आता तीच चित्रं रात्री दिवे लागले की रस्त्याच्या टोकापासून दिसतात. शाळेच्या मुलांची रांग समोर उभी होती, बाई बोट दाखवून सांगत होत्या. जे वाईट झालं तेही सांगतात, लपवत नाहीत. तिथंही आता नवीन संकट आहे, भाडी परवडेनात, जुने लोक निघून चाललेत, जिथं मोठमोठे जॅझवाले वाजवून गेले ते लेनॉक्स लाउंज २०१७ मध्ये पाडून टाकलं, आपल्याकडे वाडे पडून अपार्टमेंट होतायत तसंच. मैत्रीण त्या रिकाम्या कोपऱ्यावर काही न बोलता चालत राहिली.

सुरक्षिततेचं म्हणाल तर आम्ही दोघी म्हाताऱ्या, साडीतल्या, संध्याकाळपर्यंत फिरलो. रस्ता क्रॉस करताना एका तरुण पोरानं माझ्यासाठी हात करून गाडी थांबवली, बाकी कोणी आमच्याकडे बघितलंही नाही. पर्स सांभाळायची ती मुंबईला चर्चगेटला सांभाळतो तेवढी सांभाळा.

तेव्हा माझं म्हणणं असं, पुढच्या रविवारी त्याच पुरवणीत दोन ओळींची दुरुस्ती छापा की हार्लेमला जरूर जा, कोलंबियाच्या गेटपासून सुरुवात करा, मॉर्निंगसाइडच्या पायऱ्या उतरा, १२५व्यावर ब्लमस्टीनची इमारत बघा आणि १३५व्यावर शॉम्बर्ग. आणि येत्या २३ सप्टेंबरला एक पान कमाटी बागेला द्या. तुमचा बातमीदार सकाळी लवकर पाठवा, लोक पहाटेच्या गाड्यांनी येतात, त्यांच्याशी बोला, कुठून आले, आईवडिलांनी त्यांना काय सांगितलं, हे लिहून घ्या. पाणी आणि सावली कमी पडते, मी आणि आमच्या ओटल्यावरच्या काही जणी ह्या वर्षी पाण्याचे जग घेऊन जाणार आहोत, बातमीदाराला तिथं भेटेन.

पत्र फारच लांबलं. जागा नसेल तर कापा, जेवणाचं कापा, माझ्या गुडघ्याचं कापा, पण पारशांच्या जागेचं आणि विमा कंपनीच्या रिकाम्या घरांचं एकमेकांशेजारी राहू द्या.

आपली नियमित वाचक,
रावपुरा, वडोदरा